सह्याद्रीतले फोटो पांढुरके येतात? आधी पांढरेपणा कुठे बसलाय ते शोधा

पावसाळा सरत आला की दर वर्षी हीच तक्रार कानावर येते. कळसूबाई केलं, भंडारदऱ्याला मुक्काम केला, रतनगडाच्या नेढ्यात (कातळातल्या आरपार भोकात) बसून आलो. डोळ्यांना सगळं सुरेख दिसत होतं आणि फोटो बघावेत तर सगळ्यांवर दुधाळ पडदा. हिरव्यात जीव नाही, काळा कातळ राखाडी, तलाव आणि आभाळ एकाच रंगाचं. मग कुणी सांगतं यूव्ही फिल्टर लाव, कुणी सांगतं ॲपमध्ये डीहेज (धूसरपणा कमी करणारा स्लायडर) ओढ, कुणी थेट नवा कॅमेरा घ्यायला सांगतं.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण हा पांढरेपणा एकाच कारणाने येत नाही. कधी तो काचेवर असतो, कधी समोरच्या हवेत, कधी उन्हाच्या तिरिपीत, तर कधी एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने किती उजेड घेतला त्यात. चारही फोटो मोबाइलच्या स्क्रीनवर सारखेच दिसतात आणि चौघांचे उपाय एकमेकांच्या काहीच कामाचे नसतात. काचेवर दव असताना हवा मोकळी व्हायची वाट बघत बसलात तर दिवस जाईल. हवेतच धूर असेल तर काच कितीही पुसा, फरक पडणार नाही.

उदाहरणं अकोले तालुक्यातल्या या पट्ट्याची देतो, कारण डोंगर आणि पाणी इतकं जवळ जवळ दुसरीकडे फार कमी ठिकाणी मिळतं. प्रवरेवरच्या विल्सन धरणाचा (हे १९२६ साली पूर्ण झालं) लांबलचक जलाशय, उत्तरेला १६४६ मीटरचं कळसूबाई, त्याच्या पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, पाण्याच्या नैर्ऋत्य टोकाला रतनवाडी आणि रतनगड. पण उपाय पवना, मुळशी, कोयना, कुठेही हेच.

जागेवरच करायची तपासणी

फोटो पांढुरका येतोय असं वाटलं की तिथेच थांबा. पायाजवळचा एखादा काळा दगड निवडा आणि हात-दोन हातांवरून त्याचा फोटो काढा. आपला बेसॉल्ट यासाठी फार सोयीचा आहे. त्यात बारीक भोकं असतात, काही भोकांत पांढरे खनिजांचे ठिपके भरलेले असतात, ओल्या बाजूला शेवाळ धरलेलं असतं. फोटो स्क्रीनवर मोठा करून बघा. भोकांच्या आतला काळोख काळाच आला असेल आणि पांढरे ठिपके कडेपर्यंत ठसठशीत असतील, तर तुमची काच ठीक आहे. दोष पुढच्या मैल-दोन मैलांच्या हवेत आहे. जवळचा दगडसुद्धा पांढुरका दिसला, ठिपक्यांभोवती हलकी झळाळी दिसली, तर दोष काचेवर किंवा काचेच्या आत आहे.

दुसरी तपासणी उन्हाची. कॅमेरा जिकडे रोखलाय तिकडेच ठेवा आणि मोकळा तळहात लेन्सच्या वर, सूर्याच्या बाजूला असा धरा की त्याची सावली काचेवर पडेल, पण हात फ्रेममध्ये येणार नाही. सावली पडताक्षणी स्क्रीनवरचे रंग गडद झाले तर तो फ्लेअर आहे, म्हणजे काचेवर थेट पडून आत पसरलेलं ऊन. तोच हात तिथे धरून फोटो काढा, काम झालं. लेन्सला हूड (पुढे लावायची सावलीची कडी) असेल तर तो घरी ठेवू नका आणि उलटा लावूनही फिरू नका.

तिसरी तपासणी हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखाची. आलेख उजव्या भिंतीला जाऊन आपटलाय आणि तिथेच कापला गेलाय, म्हणजे एक्स्पोजर जास्त झालंय. आलेख मधेच गोळा झालाय आणि डावीकडे, म्हणजे काळ्याच्या बाजूला, रिकामी जागा आहे, तर धूसर हवा, फ्लेअर किंवा काच यांपैकी कोणीतरी आहे. कोण, ते दगड आणि हात सांगतात.

काचेवर बसलेला पांढरेपणा

पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारी इथल्या असतात आणि त्यांचं मूळ बऱ्याचदा डोंगरावर नसून आदल्या रात्रीच्या खोलीत किंवा एसी लावलेल्या गाडीत असतं. बाहेर २४ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या आसपास येतो. २३ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर तिथे पाणी धरणारच. एसीत रात्रभर २० अंशांवर राहिलेली लेन्स तुम्ही गाडीचं दार उघडून थेट धुक्यात काढलीत की क्षणात तिच्यावर वाफ धरते. तुम्ही पुसता, ती पुन्हा धरते, कारण काच अजून थंडच आहे. पुसून हा प्रश्न सुटत नाही. काच गरम व्हावी लागते.

म्हणून कॅमेऱ्याची बॅग रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका. व्हरांड्यात बंद जागेत किंवा पंख्याच्या खोलीत ठेवा. गाडीत एसी लावला असेल तर बॅग मागे डिकीत ठेवा आणि पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली करा. एवढं जमलं नाही, तर उतरल्यावर बॅगची चेन उघडूच नका. बंद बॅगेतच कॅमेऱ्याला हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, तोवर चहा होतो. आणखी खात्री हवी असेल तर थंड खोलीतून निघतानाच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घाला. पाणी धरायचं ते पिशवीच्या बाहेरून धरेल.

हिवाळ्यात उलटा प्रकार होतो. तलावाकाठी तंबू टाकून रात्री ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांना हा अनुभव येतोच: सुरुवातीच्या फ्रेम लख्ख आणि तासाभराने सगळं पुसट. निरभ्र आकाशाखाली लेन्सची काच आपली उष्णता वर सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. पाण्याजवळ हवा ओलीच असते, त्यामुळे दव धरतं. इथे काच किंचित कोमट ठेवणं हा एकच खरा उपाय आहे. औषधाच्या दुकानात किंवा ट्रेकिंगच्या सामानात मिळणारं हात शेकायचं पाकीट लेन्सच्या नळीभोवती रबर बँडने बांधा. काचेला लागू देऊ नका, काचेच्या मागच्या भागाला बांधा. हूडचाही उपयोग होतो, कारण काचेला दिसणारं आकाश तेवढं कमी होतं.

आता एक चोर, जो सहसा सापडत नाही. फिल्टर. यूव्ही फिल्टर किंवा पोलरायझर (चकाकी कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) लेन्सवर घट्ट बसवलेला असतो आणि त्या दोन काचांच्या मधे ओली हवा अडकते. वाफ धरते ती आतल्या बाजूला. तुम्ही बाहेरून पुसत राहता, बाहेरची काच चकचकीत आणि फोटो तसाच. दगडाच्या तपासणीत काच दोषी निघाली आणि पुसूनही फरक पडला नाही, तर सगळ्यात आधी फिल्टर काढून बघा. रेती अडकून तो फिरत नसेल तर पक्कड लावू नका. रुंद रबर बँड फिल्टरच्या कडेभोवती ताणून बसवा आणि सगळ्या बाजूंनी हलका, सारखा जोर देऊन फिरवा. एका बाजूने चिमटीत दाबला की कडी वाकते आणि जास्तच अडकते.

पुसण्याबद्दल दोन गोष्टी. ओल्या रुमालाने किंवा टी-शर्टच्या टोकाने पुसलं की पाणी पसरतं आणि घामाचं तेल काचेवर लागतं. वर त्यात बारीक रेती असेल तर काचेवर कायमचे ओरखडे. आधी फुंकणी, म्हणजे तो रबरी ब्लोअर, मग मायक्रोफायबरचं कोरडं कापड. कापडं दोन ठेवा: एक हाताशी, आणि दुसरं बंद पिशवीत, पहिलं भिजल्यावर काढायला. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा घाटघरच्या कड्यावर खालून वर येणारा वारा पाण्याचे तुषार घेऊन येतो, तिथे वाऱ्याकडे पाठ करून कॅमेरा पोटाशी धरायचा, फ्रेम मनात ठरवायची, वळायचं, फोटो काढायचा, पुन्हा पाठ. आणि हे सगळं कड्याच्या काठापासून दूर उभं राहून. धुक्यात काठ कुठे संपतो ते कळत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी: तुमच्या फोनच्या काचेवर वाफ क्वचित धरते, कारण फोन खिशात अंगाच्या उबेने गरम असतो. तुमचा शत्रू घाम, सनस्क्रीन आणि बोटांचे ठसे. त्यातही फोनचं कव्हर. कॅमेऱ्याच्या भोकाभोवती कव्हर आणि काच यांच्यामधे घाम साचतो, तो दिसत नाही. डोंगर चढून गेल्यावर पहिल्या फोटोआधी कव्हर काढा, फोन आणि कव्हर दोन्ही पुसा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच मिटतो.

वाफ काचेच्या आत धरली असेल तर गोष्ट वेगळी. पुढे-मागे होणारी झूम लेन्स दर वेळी बाहेर येताना ओली हवा आत ओढते. आत धुकं दिसलं की झूम फिरवणं थांबवा, कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा आणि मुक्कामावर गेल्यावर सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यात ठेवा. चुलीजवळ ठेवणं, हेअर ड्रायर मारणं, तांदळात पुरणं, यातलं काहीही करू नका. उष्णतेने आतलं वंगण आणि डिंक बिघडतो, तांदळाची पूड फटींत जाते. फोनच्या कॅमेऱ्याच्या काचेखाली वाफ दिसली तर ती पूर्ण जाईपर्यंत चार्जरही लावू नका.

हवेत बसलेला पांढरेपणा

जवळचा दगड काळाभोर आणि समोरचा डोंगर पांढुरका, असा निकाल लागला तर कॅमेऱ्याला दोष देणं सोडा. तुमच्या आणि त्या डोंगराच्या मधे धूर, धूळ, मिठाचे सूक्ष्म कण आणि बाष्प आहे. आर्द्रता वाढली की हे कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त उजेड विखुरतात.

इथे सगळ्यात मोठा फरक पडतो तो दिशेने. हवेतले असे कण उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात. म्हणजे सूर्य समोर असेल तेव्हा धूसरपणा पेटल्यासारखा उजळतो आणि सूर्य पाठीशी किंवा बाजूला असेल तेव्हा तीच हवा बरीच पारदर्शक वाटते. शेंडी गावाजवळून, धरणाच्या बाजूने, जलाशयापलीकडचा रतनगड टिपायचा असेल तर तो नैर्ऋत्येला पडतो. थंडीत सूर्य जवळपास त्याच बाजूला मावळतो. संध्याकाळी तिथे उभं राहून रतनगडाचा तपशील मागणं व्यर्थ आहे. तेव्हा काळी बाह्यरेषाच चांगली येते. तोच गड सकाळी बघा, ऊन तुमच्या पाठीमागून डाव्या खांद्यावरून येतं आणि कातळाची घडी न् घडी दिसते. तसंच कळसूबाईच्या माथ्यावरून अलंग, मदन, कुलंग हे पश्चिमेकडे आहेत, त्यांची वेळ सकाळची. जायच्या आधी नकाशावर ही दिशा बघायला पाच मिनिटं लागतात आणि ती कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पोलरायझरचं काय? तो उपयोगाचा आहे, पण ठराविक वेळी. सूर्यापासून ९० अंशांवरच्या दिशेला त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळसूबाईवर सूर्य पूर्वेला उगवलाय आणि तुम्ही दक्षिणेला रतनगडाकडे बघताय, ही आदर्श जागा. सूर्य समोर किंवा पाठीमागे असेल तर पोलरायझरचं कडं फिरवत बसण्यात अर्थ नाही. दाट धुक्यावर आणि जाड धुरावरही तो फारसा चालत नाही. निळसर, विरळ धूसरपणावर चालतो. तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), त्यामुळे ढगाळ हवेत हातात धरून काढताना शटरचा वेग तपासा. फार रुंद दृश्य घेणाऱ्या (वाइड) लेन्सवर आभाळाचा एक तुकडा गडद आणि बाकीचं फिकट येतं, तेही लक्षात असू द्या.

पावसाळ्यात मात्र मी तो वेगळ्याच कामासाठी लावतो. ओल्या पानांवर आणि ओल्या कातळावर आभाळाची पांढरी चकाकी बसलेली असते. पोलरायझर फिरवला की ती उतरते आणि खालचा खरा हिरवा रंग वर येतो. कडं फिरवत डोळ्यांनी बघा, एखाद्या करवंदीच्या पानावर नजर ठेवा. पांढरी झाक जाते तो क्षण अगदी स्पष्ट कळतो. काठावरून पाण्याचा तळ टिपायचा असेल तर पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघा, तिथे चकाकी सर्वांत जास्त कापली जाते. पण तलावातलं डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर तोच पोलरायझर ते प्रतिबिंबही पुसून टाकेल. अशा वेळी काढून ठेवा.

यूव्ही फिल्टरने धूसरपणा जातो हा फिल्मच्या काळातला सल्ला आहे. डिजिटल सेन्सरच्या पुढची काच अतिनील किरण आधीच अडवते. काच जपायला लावायचा तर लावा, धूसरपणासाठी पैसे घालू नका.

दुसरा मोठा घटक ऋतूचा. मार्चपासून मेपर्यंत या भागात भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजतात: शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून पेटवतात. अधूनमधून वणवेही लागतात. तो धूर दऱ्यांत दिवसेंदिवस रेंगाळतो आणि त्या दिवसांत लांबचं दृश्य मिळणं कठीण. पण वळिवाची एक जोरदार सर पडून गेली की हवा धुऊन निघते, आणि त्यानंतरची संध्याकाळ ही माझ्या मते वर्षातली सर्वांत स्वच्छ संध्याकाळ असते. वीज पूर्ण थांबल्याशिवाय उघड्या माथ्यावर जाऊ नका, एवढंच. त्याखालोखाल सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंतच्या पावसाच्या उघडिपी.

डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड हवा दरीत साचते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते. चुलींचा धूर, तलावावरची वाफ सगळं त्या झाकणाखाली अडकतं. कळसूबाईवरून पहाटे बघितलं तर त्या थराची सरळ रेघ दिसते. रेघेच्या वरची शिखरं स्वच्छ, खालचं सगळं पुसट. तेव्हा तळातल्या गावांचा आणि तलावाचा तपशील टिपायला जाऊ नका, वरची शिखरं घ्या. ऊन तापलं की झाकण फुटतं आणि धूसरपणा वर चढून सगळीकडे पातळ पसरतो. उलट तुम्ही तलावाकाठी असाल तर पाण्यावरची वाफ ऊन आल्यावर थोडाच वेळ टिकते, तेव्हा काठावर आधीच पोचलेलं बरं.

लांबचं जवळ आणणारी (टेलिफोटो) लेन्स लावल्यावर धूसरपणा वाढल्यासारखा वाटतो, कारण फ्रेममध्ये जवळचं काहीच उरत नाही, सगळं त्या पांढऱ्या हवेपलीकडचं असतं. फ्रेममध्ये एखादं गडद झाड, ओला कातळ, रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचं काळं शिखर असं जवळचं काही घेतलंत तर मागचा फिकेपणा खटकत नाही, खोली दाखवतो.

एक्स्पोजरचा पांढरेपणा

हे थोडक्यात. मोबाइलवर तुम्ही समोरच्या गडद झाडीवर बोट टेकवलंत तर फोन झाडी उजळ करायला बघतो आणि मागचं आभाळ व तलाव पांढरे पडतात. बोट उजळ भागावर टेकवा आणि शेजारी येणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढा. कॅमेऱ्यात रॉ फाइल (सेन्सरची मूळ नोंद, नंतर सुधारता येणारी) ठेवा, उजळ भाग वाचवा, सावल्या नंतर उचलता येतात. पूर्ण पांढरं झालेलं आभाळ परत आणता येत नाही.

दाट धुक्यात मात्र कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर उलटा वागतो. तो धुक्याला करडं समजून फोटो काळपट, मळकट करतो. तिथे एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. धुकं पांढरंच दिसायला हवं.

घरी आल्यावर

डीहेजचा स्लायडर फक्त हवेतल्या धूसरपणावर आणि हलक्या फ्लेअरवर वापरा, तोही जपून. जास्त ओढला की आभाळ निळं-जांभळं होतं, कडांभोवती वलयं येतात आणि सावल्यांत दाणे दिसू लागतात. लाइटरूममध्ये (फोटो सुधारायच्या ॲपमध्ये) मास्क करून, म्हणजे ठराविक भागच निवडून, तो फक्त लांबच्या डोंगरांवर लावला तर जवळची झाडी काळीकुट्ट होत नाही. डीहेज नको असेल तर त्याच ॲपमधल्या कर्व्हचं (उजेड-अंधार बदलायच्या रेषेचं) डावं खालचं टोक थोडं उजवीकडे सरकवा. हिस्टोग्राममधली डावीकडची रिकामी जागा तेवढ्यानेच भरते आणि रंग बिघडत नाहीत. काचेवरची वाफ मात्र कुठलाच स्लायडर काढत नाही, कारण तिथे तपशील नोंदलाच गेलेला नसतो.

शेवटचा प्रकार: पांढरेपणा प्रत्येक ऋतूत, घरातही, जवळच्या वस्तूंवरही येतोय आणि काच बाहेरून स्वच्छ आहे. तेव्हा लेन्स काढून तिच्या एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा ढगाळ डाग दिसले तर ती बुरशी आहे. ६० टक्क्यांहून जास्त आर्द्रता राहणाऱ्या जागी, अंधारात, चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत महिनोन् महिने पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती धरते. ट्रेकहून आल्यावर कॅमेरा बॅगेतून काढा, एक रात्र पंख्याखाली ठेवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक घालून ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. नारंगी जेलचा रंग बदलला की वेगळ्या भांड्यात मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यांपासून लांब ठेवा. बुरशी धरलेली लेन्स बाकीच्या लेन्सपासून वेगळी काढा आणि लवकर दुरुस्तीला द्या. उशीर झाला तर ती काचेवरचं कोटिंग खाते आणि मग साफ करूनही डाग राहतात. कॅमेऱ्यासोबत आलेली स्वस्त किट लेन्स असेल तर साफसफाईचा खर्च आधी विचारा, बऱ्याचदा तेवढ्याच पैशांत तीच लेन्स जुन्या बाजारात चांगल्या स्थितीत मिळते.